हेलिकोबॅक्टर पायलोरीची तपासणी : माझा साडेतीन महिन्यांचा अनुभव

२०२४ ची दिवाळी आटोपून दहा दिवस झाले, तरी बेंबीच्या वर एका ठरावीक जागी होणारी जळजळ थांबेना, तेव्हा मी पहिल्यांदा मान्य केले की हे फराळाचे पित्त नव्हे. तशी ही जळजळ वर्षभराची जुनी होती. मी नाशिकरोडच्या एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते, राहते इंदिरानगरला, आणि मार्चअखेरपासून दिवाळीच्या ठेवींपर्यंतच्या प्रत्येक धावपळीवर मी पोटदुखीचे खापर फोडत आले होते. घराजवळच्या मेडिकलमधून पॅन्टोप्राझोल या पित्ताच्या गोळीची पट्टी आणायची, सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची, बरे वाटले की थांबायचे आणि दुखले की पुन्हा सुरू करायची, असा क्रम चालला होता. हीच गोळी पुढे माझ्या निदानाच्या आड येणार आहे, असे तेव्हा कोणी सांगितले असते तरी मला पटले नसते.

सुरुवात मी चुकीच्या टोकाकडून केली. १६ नोव्हेंबरला, शनिवारी, एका सहकारी बाईंच्या सांगण्यावरून मी २,१०० रुपयांचे रक्ततपासणीचे पॅकेज घेतले. त्यात माझे हिमोग्लोबिन ९.८ निघाले आणि ‘एच. पायलोरी आयजीजी’ या ओळीपुढे ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’ असे छापून आले. हे पॅकेज कोणत्याही डॉक्टरांनी सांगितलेले नसल्यामुळे त्याचा अर्थ विचारायलाही कोणी नव्हते. त्या रात्री दीड वाजेपर्यंत मी मोबाइलवर वाचत बसले. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठराच्या आतल्या अस्तरावर राहणारा मळसूत्री आकाराचा जंतू आहे, जगातल्या साधारण निम्म्या लोकांच्या पोटात तो असतो आणि त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर त्याचा काहीही त्रास होत नाही, हे मी वाचले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली त्याला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात घातले, हेही वाचले. त्यानंतर अर्थातच पहिले वाक्य मी विसरले आणि दुसरे लक्षात ठेवले.

सोमवारी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. ते पंचवीस वर्षांपासून आमच्या घरातली सगळी दुखणी पाहत आले आहेत. त्यांनी रिपोर्ट पाहून सांगितले, “अहो, रक्तातली ही प्रतिपिंडे म्हणजे लॉजच्या रजिस्टरमधली सही आहे. पाहुणा येऊन गेला एवढे कळते, अजून खोलीत आहे की नाही ते कळत नाही.” जंतू मेल्यानंतरही ही प्रतिपिंडे अनेक महिने, कधी वर्षानुवर्षे, रक्तात राहतात, त्यामुळे नुसत्या या तपासणीवर औषधे सुरू करणे बरोबर नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र हिमोग्लोबिनचा आकडा त्यांना आवडला नाही. वय पंचेचाळीस, रक्त कमी आणि वर्षभराची पोटदुखी एकत्र असताना आत दुर्बीण घालून पाहिलेच पाहिजे, असे म्हणून त्यांनी चिठ्ठी दिली. लोहाची कमतरता आणि हा जंतू यांचा संबंध असू शकतो, हे मला त्या दिवशी प्रथम समजले.

एंडोस्कोपी ९ डिसेंबरला झाली. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही. तपासणीचे ३,८०० रुपये, ‘रॅपिड युरिएज टेस्ट’चे ४५० आणि बायोप्सीचे, म्हणजे अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे, १,३०० असे वेगवेगळे लावले होते, आणि हे तीन आकडे आधी फोनवर विचारून घेतले नसते तर काउंटरवर मी गोंधळले असते, कारण फोनवर पहिल्यांदा फक्त ३,८०० सांगितले गेले होते. आठ तास काही खायचे नव्हते. संमतिपत्र तीन पानी आणि पूर्ण इंग्रजीत होते. मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे, कवळी, ॲलर्जी या सगळ्यांची विचारणा त्यात होती, परंतु पित्ताच्या गोळीबद्दल एकही रकाना नव्हता. मी ती त्या दिवशीही सकाळी दोन घोट पाण्याबरोबर नेमाने घेतली होती.

प्रत्यक्ष तपासणीची जितकी भीती वाटली होती तितके काही झाले नाही. घशात बधिरतेचा कडू फवारा मारतात, डाव्या कुशीवर झोपवतात आणि दातांमध्ये प्लॅस्टिकची कडी देतात. पहिल्या अर्ध्या मिनिटात उमासे येतात, डोळ्यांतून पाणी येते आणि आपण गुदमरतो आहोत असे वाटते, पण श्वास नाकातून चालूच असतो. परिचारिका माझ्या पाठीवर हात ठेवून “ताई, नाकाने, नाकाने” म्हणत होत्या, त्या दोन शब्दांचा मला फार आधार झाला. झोपेचे इंजेक्शन घ्यायचे असेल तर सोबत कोणीतरी हवे आणि दिवसभर गाडी चालवता येत नाही. मी ते घेतले नाही, तरीही यजमान रजा टाकून आले होते. सात-आठ मिनिटांत सगळे संपले. घशाची बधिरता जाईपर्यंत तासभर पाणीसुद्धा प्यायचे नसते, एवढे पाळले की झाले.

टेबलावर ‘रॅपिड युरिएज टेस्ट’ची एक लहानशी पिवळी चकती होती. जठरातून चिमटीने काढलेला अस्तराचा कण तिच्यात ठेवला गेला. हा जंतू युरिएज नावाचे विकर फार मोठ्या प्रमाणात तयार करतो. त्या विकराने युरियाचे विघटन होऊन अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात, आणि अमोनियामुळे भोवतालचे आम्ल मंदावल्याने जंतूला जठरासारख्या जाळत्या जागीही तग धरता येतो. म्हणजे ज्या युक्तीवर तो जगतो, तीच त्याला उघडी पाडते, कारण चकतीत युरिया असतो आणि अमोनिया तयार झाला की पिवळा रंग गुलाबी होतो. माझी चकती पिवळीच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून विचारले तेव्हाही ती पिवळी होती. १४ डिसेंबरला बायोप्सीचा रिपोर्ट आला, त्यातही जंतू आढळले नाहीत असे लिहिले होते. केंद्रातल्या डॉक्टरांनी “इन्फेक्शन नाही, नुसता जठरदाह आहे” असे सांगून तीच गोळी महिनाभर दोन वेळा घ्यायला लिहून दिली. घरी आल्यावर सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

१६ तारखेला, रिपोर्ट फाइलला लावण्यापूर्वी, मी तो आमच्या डॉक्टरांना दाखवायला नेला, आणि या संपूर्ण प्रकरणात मी जाणूनबुजून केलेली योग्य गोष्ट कोणती, असे विचारले तर मी हीच सांगेन. त्यांनी बायोप्सीच्या ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवले. ‘क्रॉनिक ॲक्टिव्ह गॅस्ट्रायटिस’ असे निदान होते. ‘क्रॉनिक’ म्हणजे जुना. पण ‘ॲक्टिव्ह’ याचा अर्थ अस्तरात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी आजही झुंज देत आहेत, असा असतो, आणि जठरात अशी झुंज बहुतेक वेळा याच जंतूशी चालू असते. “शत्रू दिसत नाही, पण सैन्य उभे आहे,” असे म्हणून त्यांनी मला गंगापूर रोडवरच्या एका पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवले.

तिथे १८ डिसेंबरची वेळ मिळाली. वेळ संध्याकाळी साडेसातची, माझा क्रमांक ३१, आणि आत बोलावणे आले तेव्हा पावणेदहा वाजले होते. शुल्क ९०० रुपये. डॉक्टरांनी फाइल उघडण्याआधी विचारले, “पॅन्टोप्राझोल किती दिवसांपासून घेता?” या प्रश्नासाठी मी तोवर साडेसात हजारांहून अधिक रुपयांच्या तपासण्या करून बसले होते. त्यांनी समजावले ते असे. आम्ल कमी करणाऱ्या या गोळ्यांनी जंतू मरत नाही, परंतु त्याची संख्या घटते, त्याचे विकर मंदावते आणि जठराच्या खालच्या भागातून तो वरच्या भागाकडे सरकतो. माझे दोन्ही तुकडे खालच्या भागातलेच होते. सिडनी पद्धत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रिवाजात खालून दोन, वरून दोन आणि मधल्या वळणावरून एक असे पाच तुकडे घ्यायला सांगितले आहे, ते यासाठीच. म्हणजे जंतू जिथून उठून गेला होता तिथेच त्याला शोधले गेले, आणि उठवून लावणारी गोळी मी स्वतः दररोज घेत होते. निगेटिव्ह रिपोर्ट खोटा नव्हता. तो फक्त अवेळी विचारलेल्या प्रश्नाचा रिपोर्ट होता.

पुन्हा एंडोस्कोपीची गरज नव्हती, कारण आत व्रण किंवा गाठ नाही हे पाहून झाले होते. उरले दोन मार्ग : शौचातून जंतूची प्रथिने शोधणारी ‘स्टूल अँटिजेन’ तपासणी, किंवा ‘युरिया ब्रेथ टेस्ट’, म्हणजे श्वासाची तपासणी. दोन्ही आजच्या, जिवंत संसर्गाबद्दल सांगतात आणि दोन्हींसाठी पथ्य एकच, ते म्हणजे ही गोळी किमान दोन आठवडे बंद आणि प्रतिजैविके व बिस्मथची औषधे किमान चार आठवडे बंद. मी श्वासाची तपासणी निवडली. शेवटची गोळी त्याच सकाळी झाली होती, म्हणून २ जानेवारी ही तारीख ठरली.

ते चौदा दिवस मात्र कठीण गेले, आणि याची कल्पना आधी दिली जाते त्यापेक्षा अधिक स्पष्टपणे द्यायला हवी. अनेक महिने दाबून ठेवलेले आम्ल गोळी थांबताच दुप्पट जोराने उसळते. तिसऱ्या दिवसापासून रात्री दोन-अडीचला घशाशी आंबट येऊन जाग येऊ लागली. २३ डिसेंबरच्या रात्री मी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी होते, बाहेर थंडीने खिडकीच्या काचेवर दव जमले होते आणि पट्टीतल्या उरलेल्या चार गोळ्या समोरच्या डब्यात दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी यजमानांनी तो डबा त्यांच्या ऑफिसच्या कपाटात नेऊन ठेवला. डॉक्टरांनी अँटासिड जेलला परवानगी दिली होती, ते तपासणीच्या आदल्या दिवशीपर्यंत चालते. त्याशिवाय पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा दिल्या, जेवण साडेसातच्या आत उरकले आणि रविवारची मिसळ, जी सोडणे नाशिककरांना फारसे जमत नाही, ती पूर्ण सोडली. दहाव्या दिवसानंतर त्रास आपोआप उतरला. ज्यांना पूर्वी पोटात रक्तस्राव झाला आहे किंवा हृदयविकारासाठी ॲस्पिरिन चालू आहे, त्यांनी मात्र ही गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नये, असे डॉक्टरांनी दोनदा बजावले. ते पुढे घरातच उपयोगी पडले.

दरम्यान तपासणी कुठे होते हे शोधायला सहा ठिकाणी फोन केले. दोन ठिकाणी तिचे नावच माहीत नव्हते. एका ठिकाणी “त्यापेक्षा रक्ताची करा, तेच आहे” असा सल्ला मिळाला. तो सल्ला किती महागात पडतो हे मला आता ठाऊक होते. अखेर कॅनडा कॉर्नरजवळच्या एका केंद्रात नमुना घेऊन मुंबईला पाठवतात असे कळले, दर २,९०० रुपये. इथे एक गोष्ट विचारून घ्यावी. युरियात कार्बनचा कोणता प्रकार वापरतात? कार्बन-१३ हा किरणोत्सारी नसतो, त्यामुळे मुले आणि गर्भवती स्त्रियांसाठीही तोच वापरतात. कार्बन-१४ अत्यल्प प्रमाणात किरणोत्सारी असतो. माझी तपासणी पहिल्या प्रकारची होती.

२ जानेवारीला सकाळी उपाशीपोटी पोहोचले. इथल्या अर्जात गोळी कधी थांबवली याचा रकाना होता, तो पाहून मला एखादा ओळखीचा माणूस भेटल्यासारखे वाटले. आधी एका चंदेरी पिशवीत फुंकायचे, मग युरिया मिसळलेले लिंबाच्या चवीचे पाणी प्यायचे, अर्धा तास शांत बसायचे आणि दुसऱ्या पिशवीत फुंकायचे, एवढेच. पोटात जंतू असेल तर तो त्या युरियाचे विघटन करतो आणि खुणेचा कार्बन रक्तातून फुप्फुसात, तिथून श्वासात उतरतो. दोन्ही पिशव्यांवर नाव आणि ‘०’ व ‘३०’ अशी मिनिटे लिहिली आहेत ना, हे मी उठण्यापूर्वी पाहिले. त्या दोन्हींतल्या फरकावरच उत्तर ठरत असल्यामुळे अदलाबदल झाली तर सगळेच वाया जाते.

४ जानेवारीच्या संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर आला. त्या प्रयोगशाळेची मर्यादा ४ होती, माझा फरक १८.६. संसर्ग आहे. ते वाचून मला सुटका झाल्यासारखे वाटले. वर्षभर जे माझ्या स्वभावाच्या, कामाच्या आणि तिखटाच्या नावावर जमा होते, त्याला अखेर त्याचे स्वतःचे नाव मिळाले होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणून पंचवटीला माहेरी गेले. बाबांच्या पोटावर वरपासून बेंबीपर्यंत एक जुना व्रण आहे. १९८४ साली अल्सर फुटून रक्तस्राव झाला, तेव्हाच्या शस्त्रक्रियेचा. त्याआधी कित्येक वर्षे त्यांना “काळजी करू नका, तिखट खाऊ नका, दूध प्या” असेच सांगितले जात होते, आणि आमच्या घरात बाबांची भाजी वेगळी शिजत असे. मी त्यांना सांगितले की ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांनी १९८२ साली हा जंतू पहिल्यांदा प्रयोगशाळेत वाढवला, तोही ईस्टरच्या सुट्टीमुळे तबकड्या नेहमीपेक्षा जास्त दिवस राहून गेल्या म्हणून. कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा मार्शल यांनी १९८४ साली जंतूंचे पाणी स्वतः प्यायले आणि काही दिवसांत स्वतःला जठरदाह करून घेतला. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. बाबांनी शर्टाची गुंडी लावत विचारले, “म्हणजे माझं पोट उगाच फाडलं म्हणायचं?” उगाच नव्हे, रक्त थांबवायला तेव्हा तोच उपाय होता, असे मी म्हणाले. पण वर्ष एकच असल्याचे त्यांच्या मनातून गेले नाही. जेवताना त्यांनी ते दोनदा काढले.

उपचारांचे थोडक्यात सांगते, कारण ते प्रत्येकाचे वेगळे असतात आणि कोणाचे पाहून घेण्यासारखे नाहीत. माझे ७ ते २० जानेवारी असे चौदा दिवस चालले. आपल्याकडे हा जंतू क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाला अनेकदा दाद देत नाही, म्हणून बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडॅझोल आणि आम्ल कमी करणारी तीच गोळी असा चौकडीचा उपचार दिला गेला. एकूण खर्च १,६४० रुपये. टेट्रासायक्लिन चार दुकाने फिरल्यावर शालिमारजवळ मिळाले. ते दुधाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर घ्यायचे नसते. तोंडाला सतत धातूची चव असल्यामुळे संक्रांतीचा तिळगूळही पितळेचा वाटला. बिस्मथने शौच काळे होते, हे आधी ठाऊक होते म्हणून घाबरले नाही. एरवी काळे शौच हे रक्तस्रावाचे लक्षण असते.

विम्याचे प्रकरण याच काळात निकालात निघाले. पतसंस्थेच्या सामूहिक पॉलिसीत मी सगळी बिले, चिठ्ठ्या आणि रिपोर्ट जोडून दावा केला होता. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तो नामंजूर झाला. कारण ‘तपासणी व मूल्यमापन’ हा अपवाद, क्रमांक ०४, आणि शिवाय रुग्णालयात भरतीच नाही. हा अपवाद पॉलिसीच्या कागदांत आधीपासून छापलेला होता. मी तो वाचला असता तर झेरॉक्सचे सव्वाशे रुपये आणि दोन दुपारी वाचल्या असत्या.

औषधे संपल्यावर जंतू गेला की नाही हे पुन्हा तपासावे लागते, आणि बरे वाटू लागलेली माणसे नेमका हाच टप्पा टाळतात. औषधांनंतर किमान चार आठवडे थांबायचे असते. मी २४ फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्या दोन दिवस आधी, त्याच केंद्रात पुन्हा फुंकून आले. २७ ला रिपोर्ट आला, फरक ०.७. तज्ज्ञांच्या पुढच्या दोन भेटींचे हजार, आमच्या डॉक्टरांचे चारशे आणि दुसऱ्या श्वास तपासणीचे २,९०० धरून एकूण खर्च १७,३९० रुपये झाला. लोहाच्या गोळ्या आता सुरू आहेत.

मार्चच्या पहिल्या रविवारी बाबांना तज्ज्ञांकडे नेण्याचा विषय निघाला, कारण जुना अल्सर आणि हृदयासाठी चालू असलेले ॲस्पिरिन असे दोन्ही असताना त्यांची तपासणी व्हायला हवी, असे डॉक्टर म्हणाले होते. मी त्यांच्या गोळ्यांचा डबा उघडला. सकाळच्या कप्प्यात पॅन्टोप्राझोल होते, आणि ते त्यांच्या बाबतीत थांबवणे माझ्यासारखे सोपे नव्हते. डॉक्टरांनी फोनवर मार्ग सुचवला : गोळी चालू ठेवूनच शौचाची तपासणी करावी, पॉझिटिव्ह आली तर ती ग्राह्य धरू, निगेटिव्ह आली तर तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, मग हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून पुढचे ठरवू. बाबांनी हे दोन वेळा समजावून घेतले. “जमेचं धरायचं आणि नावेचं सोडायचं, असा हिशेब तुमच्या पतसंस्थेत चालतो का गं?” असे म्हणून त्यांनी नमुन्याची डबी घेतली आणि सोमवारी सकाळी न्यायची आहे म्हणून चष्म्याशेजारी ठेवली.